बाळकुमच्या गेटवर लागणारा दाखला

कऱ्हाडहून सुटलेल्या एसटीनं मला सकाळी मुंबईजवळच्या विठ्ठलवाडीच्या आगारात उतरवलं, तेव्हा दाजी (बहिणीचे यजमान) न्यायला आले होते. पाटण तालुक्यातला हा चौतीस वर्षांचा बाप्या हरवेल, अशी त्यांना काळजी. मला हरवायची नाही, हात हलवत परतायची भीती. गावची पोल्ट्री बंद पडलेली, आणि काम मिळालं की फोन करीन, असं बायकोला सांगून निघालो होतो.

अक्कानं भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. "खा पोटभर. हितं कामाला तोटा न्हाई," म्हणाली. एका खोलीत आम्ही पाच जण, तरी माझ्यासाठी नवी उशी आणून ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी मोहन्याला गेलो. जुन्या रेयॉन कंपनीचं नाव आमच्या खोऱ्यातही ऐकलेलं. भिंतीलगतच्या टपरीवर चहा घेतला आणि टपरीवाल्या आजोबांना विचारलं, "कंपनीत भरती आहे का?"

"ती कवाच बंद परली (पडली), बाला. इचारनारा तू आज तिसरा. तुमच्यामुलंच तं माजी टपरी चालते."

म्हणजे एकाचा रोजगार तरी मी लावला होता.

तिसऱ्या दिवशी बाळकुम. दाजी पूर्वी तिथल्याच एका कारखान्यात मशीनवर होते. आता कारखान्याच्या जागी तीस मजले उभे आहेत आणि दाजी त्यांच्या गेटवर. "माझं मशीन कुठं होतं सांगू? त्या पोहायच्या तलावात, खोल बाजूला," ते अभिमानानं म्हणाले.

वॉचमनच्या दोन जागा होत्या. रांगेत माझ्यापुढे डोंबिवलीचा एक जण होता, इस्त्रीच्या शर्टातला. हळूच म्हणाला, "मी बी.कॉम. आहे, पण बोलू नका हां कुठे. दहावी सांगितलीय. शिकलेला टिकत नाही म्हणतात." माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी ताठ उभा राहिलो.

सुपरवायझर माझ्याहून लहान. "आठवी? चलेगा. दाखला दे."

"कसला?"

"शाळा सोडल्याचा. पेपर लागतो ना भाई."

"साहेब, मी कुणाला सांगून थोडीच सोडली!"

रांग हसली, तोही हसला. "दाजींचा माणूस आहेस म्हणून शनिवारपर्यंत जागा ठेवतो. नंतर आपली ओळख नाही."

त्याच संध्याकाळी पुन्हा एसटी. नोकरीसाठी मुंबईकडे जातात ते लोक मी पाहिले होते. नोकरीसाठी आठवीच्या वर्गाकडे निघालेला मीच पहिला.

शाळेत आमच्याच बाई आता मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. माझ्या नावापुढे, सोडण्याच्या कारणाखाली लिहिलेलं: सतत गैरहजर.

"असंच देऊ?"

"बाई, सतत गैरहजर वॉचमन कोण ठेवेल?"

बाईंनी चष्मा पुसला, विचार केला, आणि दाखल्यावर लिहिलं: पालकांच्या विनंतीवरून. वडील गेले म्हणूनच मी शाळा सोडली होती. बाईंना ते ठाऊक होतं, तरी त्यांनी पुढचा रकाना भरायला घेतला. वर्तणूक 'चांगली' पडली.

दाखल्याचा फोटो सुपरवायझरला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: "सोमवारी ये." वाकून बाईंच्या पाया पडलो.

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिकडं अजून एखादी जागा असेल का रे? आमचा संदीप डी.एड. होऊन चार वर्षं घरी बसलाय."

याच बाई मला शाळेत परत न्यायला दोनदा आमच्या दारात आल्या होत्या. तिथं डी.एड. लपवावं लागेल, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. "बघतो, बाई," एवढंच म्हणालो.

नाचत घरी जावं असे दिवस माझ्या वाट्याला फार आले नाहीत. हा तसा दिवस होता, आणि मी घरापर्यंत मान खाली घालून गेलो.