मोठी भरती

माझे सासरे दहा वर्षं सरपंच होते. आता नाहीत, पण कुठंही गेले की पाहणी केल्याशिवाय त्यांना बसवत नाही. लग्नाला गेले की आधी मांडवाचे खांब हलवून बघतात. दवाखान्यात कुणाला भेटायला गेले तर पेशंटच्या आधी खिडक्यांच्या कड्या तपासतात. त्यामुळं नवऱ्यानं मोबाइलवर समुद्रकाठच्या झोपड्यांचे फोटो दाखवले, तेव्हा त्यांनी समुद्राकडं बघितलंच नाही. झोपडीकडं बघितलं आणि विचारलं, "झोपडीत ऱ्हायला एवढं लांब कशापायी जायचं? आखाड्यावर हाय की आपली."

आखाडा म्हणजे आमची शेतातली वस्ती. तुराट्यांचा कूड, वर पत्रे, समोर दोन म्हशी.

"मामंजी, आखाड्यावर समुद्र नाही," मी म्हटलं.

"पाझर तलाव हाय."

"त्यात पाणी नाही."

यावर त्यांनी मोबाइल परत दिला आणि जायचं ठरलं.

आमच्या चौघांपैकी समुद्र कुणीच बघितलेला नव्हता. नवऱ्याचं चौसाळ्यात पाइप आणि मोटारींचं दुकान आहे, ते कधी बंद नसतं. मी बीडला पोलीस भरतीच्या क्लासमध्ये गणित शिकवते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवदर्शनाला जवळच्या नारायणगडावर जायच्या, त्यापलीकडं फारशा कधी गेल्या नव्हत्या. दिवाळीनंतर एका पहाटे आम्ही गाडीत बसलो. आत्याबाईंनी चाळीस धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा मोठा कॅन घेतला. समुद्राला चाललोय, पाणी कशाला, असं नवरा म्हणाला. "तिथलं पाणी बाधलं म्हंजी?" असं म्हणून त्या कॅन मांडीवर घेऊनच बसल्या. पुढं तोच कॅन आम्ही चार दिवस पुरवला, कारण दुसऱ्या कुठल्याही पाण्याला त्या तोंड लावेनात.

मालवणच्या पुढं एका छोट्या गावात त्या झोपड्या होत्या. माडांच्या बागेत तीनच. बांबूचा सांगाडा, झावळ्यांच्या भिंती, आत एक खाट, एक बल्ब, खाली वाळू. समोर वीस पावलांवर समुद्र. दोन झोपड्या आमच्या आणि तिसरीत पुण्याचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं. झोपड्यांची मालकीण पन्नाशीची, नऊवारी वर खोचलेली, कायम घाईत.

मी समुद्र बघून जागच्या जागी उभी राहिले. नवरा फोटो काढायला लागला. आत्याबाईंनी हात जोडले. सासऱ्यांनी झोपडीचा खांब धरून हलवला.

"हाताभर बी पुरला न्हाई," ते मालकिणीला म्हणाले. "वारं सुटलं तर काय करता?"

"परत बांधतंव," ती म्हणाली आणि मासे साफ करायला निघून गेली.

एवढं सरळ उत्तर सासऱ्यांना सरपंचकीच्या दहा वर्षांत कुणी दिलं नव्हतं. त्यांनी खांब परत एकदा हलवून बघितला.

संध्याकाळी आत्याबाईंच्या पिशवीतून एक खेकडा निघाला. दोन्ही नांग्यांत धपाट्याचा तुकडा धरून तो तिरका तिरका दाराकडं चालला होता. नवरा खाटेवर चढला. मी त्याच्या मागं. आत्याबाई मात्र खाली वाकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "खाऊ दे, लेकरा. चटनी लावू का?" मग दारात बसून त्या धपाट्याचे तुकडे वाळूवर टाकत राहिल्या. अर्ध्या तासात सात-आठ खेकडे जमले. आमच्या घरात कांदासुद्धा बेतानं खातात, आणि आमच्या सासूबाई कोकणात मांसाहारी गिऱ्हाइकांच्या जेवणाला हातानं भरवत होत्या.

जेवताना ती सांगून गेली, "उद्या पुनव. अकराच्या सुमाराक मोठी भरती आसा."

सासऱ्यांनी घास थांबवला. "मोठी भरती? किती जागा?"

"त्या माडापरयंत सगळी," ती आतून म्हणाली.

सासरे माझ्याकडं वळले. "सूनबाई, लई जागा हायेत म्हने. तुझे पोरं हितं आनायला पायजे होते. पळायला मैदान बघ कसं हाय, एक खडा न्हाई."

मी हसले. आमचे सासरे तोंडावरची रेघ न हलवता चेष्टा करतात, तशीच ही एक, असं मला वाटलं. इथं माझी चूक झाली, हे मी कबूल करते. आमच्या जिल्ह्यात भरती म्हणजे एकच भरती. पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं दिसली की लोक म्हणतात, भरतीचे पोरं. मी स्वतः दिवसाला शंभरदा तो शब्द बोलते. तरी मला कळलं नाही की ते खरंच विचारतायत.

सकाळी उठले तर समुद्र लांब मागं गेलेला आणि किनारा लांबच लांब, ओला, चापून बसवल्यासारखा. सासरे धोतर, टोपी, कडक इस्त्रीचा सदरा घालून तयार. त्यांनी नवऱ्याला हाताशी धरून आपल्या झोपडीतली खाट उचलली आणि थेट खाली, ओल्या वाळूच्या मधोमध नेऊन टाकली.

"अहो दादा, एवढं लांब कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"नीट दिसायला पायजे. अधिकारी लोक ओळखीचे निघाले तर दोन शब्द बोलता येत्याल."

नवऱ्याला वाटलं, वडील चेष्टा करतायत. तो चहा प्यायला गेला. सासरे खाटेवर बसले, उन्हाची ऊब लागली, वारा लागला, आणि थोड्या वेळानं टोपी तोंडावर घेऊन आडवे झाले. मी झोपडीच्या दारात पोरांचे सराव पेपर तपासत बसले होते. एकदा वर बघितलं तेव्हा ते घोरत होते. पाणी जवळ आल्यासारखं वाटलं, पण समुद्राचा मला काय अनुभव? म्हटलं, समुद्र असाच मागंपुढं होत असेल.

साडेदहाच्या सुमारास एक लाट खाटेच्या खालून गेली. दुसरीनं खाट उचलली.

सासरे उठून बसले. चारी बाजूंना पाणी. एक क्षण त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि मग जी आरोळी ठोकली ती ग्रामसभेतसुद्धा कुणी ऐकली नसेल.

"गेट उघडलं! धरनाचं गेट उघडलं! पळा!"

गुडघाभर पाण्यातून धोतर वर धरून ते धावत आले. एक चप्पल गेली, टोपी गेली. मला म्हणाले, "बसली काय! वर चल!" माझे पेपर वाळूत पडले. त्यांनी आत्याबाईंचा दंड धरला, आत्याबाईंनी धपाट्यांची पिशवी धरली. न्हाणीच्या झावळ्यांवर त्यांनी हाताला लागलेली काठी बडवली, तर नवरा डोक्याला साबण आणि कमरेला टॉवेल अशा अवतारात बाहेर आला. पुण्याच्या जोडप्याचं दार त्यांनी खांद्यानं ढकललं. ते दार नव्हतंच, नुसता चटईचा पडदा होता, त्यामुळं सासरे थेट आत जाऊन पडले. तिथूनच ओरडले, "सामान ऱ्हाऊ द्या! जीव वाचवा!" नवऱ्या मुलाच्या तोंडात ब्रश होता. तो ब्रशसकट पळाला.

त्या आवाजात अशी काही हुकमत होती की कुणी काही विचारलंच नाही. मीसुद्धा नाही, आणि मी गणित शिकवते. दोन मिनिटांत आम्ही सहा जण मागच्या टेकाडावर, काजूच्या झाडाखाली धापा टाकत उभे होतो. मालकिणीचं कुत्रंही आमच्याबरोबर पळत आलं होतं. सासऱ्यांनी सगळ्यांना मोजलं.

खालून मालकीण आली, हातात विळा. "काय झाला?"

"बाई, तलाठ्याला फोन लावा! गेट उघडलंय!"

"खयचा गेट? भरती इली ती!"

"भरती उद्या घेतील!" सासरे ओरडले. "आधी मानसं वाचवा!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खाली बसले आणि मला हसू आवरेना. नवरा मला विचारत होता, काय झालं, काय झालं, आणि साबण त्याच्या डोळ्यात चालला होता. मी हसत हसतच सगळं समजावून सांगितलं. पुण्याची मुलगी झाडाला धरून हसली. मालकीण हसत नव्हती, कारण तिची खाट तोवर बरीच आत गेली होती. दोन कोळ्यांनी होडीतून जाऊन ती ओढून आणली.

सासरे दिवसभर झोपडीपासून हलले नाहीत. दारात बसून पाणी वर येताना बघितलं, मग मागं जाताना बघितलं. संध्याकाळी मालकीण चहा घेऊन आली तेव्हा हळूच विचारलं, "हे रोज येतंय?"

"दिसातसून दोनदा."

"दोनदा?" त्यांचा आवाज चढला. "आन आमच्याकडं टँकर आठ दिसाला एकदा, ते बी फोन केल्यावर!"

जशी काही त्या बाईचीच चूक, असं ते तिच्याकडं बघत होते. ती म्हणाली, "चाय घेवा." त्यांनी घेतला.

तिसऱ्या दिवशी ते पाण्यात उतरले. सदरा, धोतर, नवी टोपी, सगळं अंगावर. आत्याबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला होता. दोघं घोट्याएवढ्या पाण्यात तासभर उभे होते. लाट आली की सासरे तिला म्हणायचे, "ये. ये. बास, जा आता." आणि ती जायची.

चौसाळ्याला परत आल्यावर आठवडाभरात मला बाजारात बायका थांबवून विचारू लागल्या. सासऱ्यांनी हॉटेलात सांगितलं होतं की समुद्राला पूर आला आणि त्यांनी पंधरा माणसं वाचवली. एक दिवस ओसरीवर चार जणांसमोर ते हेच सांगत असताना आत्याबाई आतून ज्वारी निवडत म्हणाल्या, "पंधरा न्हाई. सहा."

सासऱ्यांनी टोपी सरळ केली.

"आन त्यात तुमी सवता धरून," आत्याबाई म्हणाल्या. "वरून एक कुत्रं."