घड्याळातले बेचाळीस दिवस

दुकानाचं शटर वर केलं की मामा लगेच दिवा लावत नसे. आधी अर्धवट उजेडात चाचपत मागच्या फळीपर्यंत जायचा, तिथल्या छोट्या करड्या लॅपटॉपला वायर जोडायचा, मग दिवा. अर्ध्या तासाने वायर काढायची. सात वर्षांत त्यात खंड नव्हता. लॅपटॉपचा पडदा मात्र कधी उजळायचा नाही. तो गेलेलाच होता.

ते मशीन मामीचं.

मामा जुने लॅपटॉप दुरुस्त करायचा. इतके जुने, की ते बनवणाऱ्यांनाही आठवत नसतील. त्यांच्या बोर्डांवर नखाएवढी रुपेरी डबडी असतात, वीज साठवून ती एकसारखी पुढे देणारी. लोक कपॅसिटर म्हणतात, मामा जुन्या मेकॅनिकांसारखा कंडेन्सर म्हणायचा. वीस-पंचवीस वर्षांत ही डबडी पाझरू लागतात आणि आतलं रसायन शेजारच्या तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकतं. मामा ती काढायचा, खालची जागा स्पिरिट लावून जुन्या दातांच्या ब्रशने घासायचा, नवी बसवायचा. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, “अजून चालतंय की, बघू पुढच्या वर्षी,” तर त्याचा आवाज चढायचा. “अहो, पडल्या पडल्या गळतंय ते! कपाटात ठेवलं म्हणून वय थांबतं का कोणाचं?”

मामी दुपारी दुकानात येऊन बसायची. पावत्या लिहायची आणि बोलायची. मामा बोर्डावर वाकलेला, डोळ्याला भिंग, हातात डाग द्यायची तापलेली सोल्डरिंग गन.

“अहो, ऐकताय ना?”

“हं.”

“काय म्हणाले मी?”

“हं.”

मग मामी गिऱ्हाइकाकडे वळायची. “ह्यांना सर्दी झाली ना, तरी आधी नाकातला कंडेन्सर बदलून बघतील.” गिऱ्हाईक हसायचं. मामालाही हसू यायचं, पण कशाला हसलो ते त्याला ठाऊक नसायचं.

आजारपणाच्या वर्षात तिने विकायला ठेवलेल्या मशीनमधून हे एक उचललं. “तुम्हाला सांगण्यापेक्षा ह्याला सांगते. निदान टिपून तरी ठेवेल.” दोन बोटांनी, इंग्रजी अक्षरांत मराठी, रोज दुपारी तासभर ती टकटक करत बसायची. मामाने एकदा विचारलं होतं, काय लिहितेस एवढं. “वाचा की सवडीने. पळून थोडंच जातंय?”

ती गेली त्यानंतर मामाला सवड झाली नाही. म्हणजे सवड होती, धीर नव्हता. आज बघू, रविवारी बघू, असं करता करता पाच महिन्यांनी पडदा अंधारला. कंडेन्सर गेले होते. दुसऱ्या कोणाचं मशीन असतं तर त्याने ते एका दुपारी उभं केलं असतं. पण ह्याला डिस्कच नव्हती. लिहिलेलं सगळं एका चिपमध्ये, आणि ती चिप बटणाएवढ्या सेलवर तगून. काम करताना क्षणभर जरी वीज तुटली, तरी पाटी कोरी. म्हणून मामा रोज सेल चार्ज करायचा आणि काम पुढे ढकलायचा.

माझी आई त्याची थोरली बहीण. ती चिडायची. “जगाचे कंडेन्सर बदलतोस, हिचेच तेवढे राहिलेत का रे?”

“ताई, हात घसरला तर?”

“आणि नाहीच लावलास तर?”

ह्यावर मामा चहाचा कप विसळायला उठायचा.

यंदा शेवटी तो तयार झाला, पण मोतीबिंदू काढल्यावर. धुरकट डोळ्यांनी त्या बोर्डाला हात लावायचा नव्हता. ऑपरेशननंतर तीन दिवस तो आमच्याकडे राहिला. दुकानाची किल्ली त्याने माझ्याकडे दिली. “मागच्या फळीवरच्या कुंड्यांना पाणी घाल.” लॅपटॉपचं बोलला नाही. सेल आठवडाभर तग धरतो हा त्याचा जुना हिशेब होता. शिवाय रोज बंद मशीनला वायर लावतो हे भाचीला सांगायची लाज वाटली, असं तो नंतर म्हणाला. तिन्ही दिवस मी कुंड्यांना पाणी घातलं. थेंब उडू नयेत म्हणून तो लॅपटॉप आपल्याच हाताने बाजूला सरकवला.

चौथ्या दिवशी मामा दुकानात गेला आणि त्याने नेहमीसारखी वायर लावली.

चष्म्याचा नंबर ऑपरेशनपासून सहा आठवड्यांनी निघाला. ज्या दिवशी चष्मा आला त्याच दुपारी त्याने मशीन उघडलं. मला त्याने टॉर्च धरायला बसवलं. दुसऱ्या बॅटरीच्या दोन वायरी चिपला जोडल्या, म्हणजे काम चालू असताना वीज तुटू नये. मग एकेक डबडं सोडवलं. खाली हिरवट बुरशीसारखा थर, एक रेघ कुरतडून केसाएवढी राहिलेली. तिला त्याने तांब्याच्या तारेचं ठिगळ लावलं. ह्यात तीन तास गेले. शेवटचा नवा कंडेन्सर बसला तेव्हा त्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता.

बटण दाबलं. पडदा लखलखीत लागला. मामीने लिहिलेल्याची यादी रिकामी होती.

“हात घसरला का रे मामा?” मी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती : अकरा फेब्रुवारी. बाहेर ऑगस्ट चालला होता. वीज तुटून परत आली की ह्या मशीनचं घड्याळ एक जानेवारीपासून पुन्हा मोजायला लागतं, हे त्याने मला शांतपणे सांगितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून तो एकेक दिवस मागे मोजत गेला. बेचाळीस. बोट ऑपरेशननंतरच्या चौथ्या दिवसावर थांबलं, त्याने परत वायर लावली त्या दिवसावर.

“गळक्या कंडेन्सरनी सेल पिऊन टाकला,” तो म्हणाला. “आठवडा कुठला टिकतोय! मलाच कळायला हवं होतं. लोकांना सांगतो की मी रोज.”

मी म्हणाले, मला नुसतं सांगितलं असतंस तर मी वायर लावली असती. बोलून गेले आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं.

“तीही हेच म्हणायची,” मामा म्हणाला. “सांगत नाही, ऐकत नाही.”

ते मशीन त्याने पुसून परत फळीवर ठेवलं. वायर गुंडाळून खणात टाकली. दुसऱ्या दिवसापासून तो शटर उघडल्यावर आधी दिवा लावू लागला.

त्यानंतर मामा सात महिने होता. हृदयाच्या झटक्याने गेला, एका मंगळवारी, दुकानातच. आदल्या दुपारी मी त्याला फोन केला होता. काम काहीच नव्हतं. आईने त्याचा डबा परत मागितला होता, तेवढं सांगायचं होतं. पलीकडे काहीतरी खटकन ठेवल्याचा आवाज आला.

“थांब, गन स्टँडला लावली. हं, सांग आता, काय म्हणत होतीस?”