तक्रार करणाराच तारखेवर घेऊन आला

मंडळी, आत्ताच सौंसरच्या कोर्टातून घरी आली. पाय दुखून राहिले, पण हे सांगूनच स्वयंपाकाला लागते.

मी तिथं गरिबांच्या कागदपत्रांना मदत करते. सुकलूदादा गोंड समाजाचे, संत्र्याच्या बगीच्यात तोडाई करतात. एकदा त्यांनी तिथल्याच विहिरीवरच्या मोटरचा केबल चोरला, आणि बगीच्याच्या मालकानं तक्रार केली. चूक त्यांचीच होती. पण नंतर ते दोनदा जेलात गेले, तेही नवी चोरी न करता. फक्त तारखेवर हजर नव्हते म्हणून. त्यांना वाचता येत नाही, आणि आठवण करून देणारं घरी कोणी नाही.

शेवटी गावानंच बैठक घेतली. सुकलूदादांनी त्याच बगीच्याचं ओलित, म्हणजे झाडांना पाणी द्यायचं काम, सांभाळायचं, आणि मालकानं त्यांना तारखेवर आणायचं, असं ठरलं.

आज ते मालक, देवरावभाऊ, त्यांना मोटरसायकलवर घेऊन आले. समझौता लिहून द्यायचा होता.

मी विचारलं, "भाऊ, राग गेला का?"

"राग होता न बाई. पण मले माझा केबल पाहिजे होता. मानसानं जेलात जावं, असं कोनाले पाहिजे होतं?"

दुपारपर्यंत बाकावर बसलो. मग कळलं, जजसाहेब सुट्टीवर आहेत. पुन्हा तारीख.

सुकलूदादा घाबरले. "आता हे तारीख चुकली त?"

"मी येऊन राहिलो न संगं," देवरावभाऊ म्हणाले आणि गाडी काढायला गेले.

खरं सांगते, मी थकली आहे. केवळ सोबत नसल्यानं आपल्या भागातले किती आदिवासी पुन्हा आत जात असतील? तुमच्या गावात असं कोणी असेल, तर पुढच्या तारखेला तुम्ही जाल का त्यांच्यासंगं?