सहा पॉइंट नऊ सहा

दिपाचा राग यावा असं तिच्यात काहीच नाही, तरी चार वर्षं मला तिचा रागच आला. राग पण नाही, जळते मी तिच्यावर. लिहूनच टाकलं, आता पुढचं सोपं जाईल.

दिपा माझ्या वर्गात, इलेक्ट्रिकलला. आमचं कॉलेज पनवेलमध्ये. ती येते नेऱ्याच्या पुढून, डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी वाडी आहे तिथून. वाडीतून नेऱ्यापर्यंत चालत आणि मग मिळेल त्या गाडीने. मी कामोठ्याहून स्कूटीवर येते आणि तरी पहिल्या लेक्चरला ती माझ्या आधी बसलेली असते, केस बिस विंचरून, फ्रेश. कसं काय? सर फळ्यावर सर्किट काढत असतात तेव्हा ही वहीत काही लिहीत नाही, बाकावर बोटाने गिरवते आणि सरांच्या आधी उत्तर सांगून मोकळी. मी मात्र तीन रंगांच्या पेनांनी उतरवून घेतलेलं असतं सगळं. लॅबमधली मोटर चालू झाली नाही की प्रभाकर सर हाक मारतात, "दिपा, जरा बघ गं." मला एकदाही नाही. माझं नाव, चारुता, ते फक्त अटेंडन्स घेण्यापुरतं.

आईला तर दिपाचं भयंकर कौतुक. "कुठून येते ती पोर, बघ जरा."
अगं आई, कुठून येते ते बघूनच तर जळफळाट होतो!

तर यंदा मी प्लेसमेंटची स्टुडंट कोऑर्डिनेटर झाले. काम काय, तर सगळ्यांचे प्रत्येक सेमिस्टरचे पॉइंटर, म्हणजे दहापैकी गुण, एका शीटमध्ये भरायचे आणि कंपनीच्या अटीप्रमाणे नावं गाळून यादी पाठवायची. एकदा बसल्या बसल्या मी सगळ्यांचे ग्राफ काढले. माझा ग्राफ म्हणजे आठ पॉइंट सातला सरळ रेघ, टेबलाच्या कडेसारखी. दिपाचा करवतीसारखा. पहिला सेम नऊ पॉइंट दोन, दुसरा सात पॉइंट तीन, तिसरा नऊ पॉइंट चार, चौथा सात पॉइंट एक. वर खाली वर खाली. सहावा तर सहा पॉइंट नऊ सहा.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिला मुद्दाम विचारलं, "काय गं, इव्हन सेमला झोपतेस का?"

ती वडापाव खात होती. म्हणाली, "इव्हन सेमला भट्टी असते ना."

दिवाळी झाली की तिचे आईवडील, चिंधीबाई आणि देवजी, वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. मुकादमाचा टेम्पो वाडीत येतो, भांडीकुंडी, कोंबड्या, माणसं सगळं त्यात. दिपा वाडीत एकटी राहते आणि शनिवार-रविवार भट्टीवर जाते, परीक्षेच्या आधीचा शनिवार-रविवारसुद्धा. "आयची कंबर गेली. ती थापते, मी विटा पालथ्या करते. आमी दोघी मिळून एका माणसाचं काम करतो," असं म्हणून ती हसली.

तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं असेल. वाटलं, पण नंतर. आधी काय वाटलं माहितीये? हिच्याकडे कमी मार्कांचं पण कारण आहे! आणि ऑड सेमला, जेव्हा ती फक्त कॉलेज करते, तेव्हा ती माझ्या पुढे असते. दर वेळी. क्लास नाही, स्वतःची खोली नाही, काही नाही. माझा आठ पॉइंट सात म्हणजे माझा सगळा दम लावून आठ पॉइंट सात. तिचा दम अजून कुणी बघितलाच नव्हता.

मग ती कंपनी आली. न्हावा शेवाला बंदरातल्या क्रेन असतात ना, त्यांची कंट्रोल पॅनल बघणारी. आमच्या ब्रांचची खरी नोकरी, नाहीतर बाकीच्या कंपन्या कॉल सेंटरचंच काम नाव बदलून देतात. जानेवारीपासून इंटर्नशिप, स्टायपेंड, जुलैपासून पक्कं. जागा दोनच. अट अशी की कुठल्याच सेमला सातच्या खाली नको.

मला ती नोकरी हवी होती. दिपाला पण हवी होती, पण तिचं वेगळं होतं. तिने घरी सांगून ठेवलं होतं की दिवाळीच्या आत माझं काही झालं तर तुमी यंदा टेम्पोत बसायचं नाय. स्टायपेंड आणि बाचं नेऱ्याच्या फार्महाऊसवरचं काम, भागेल आपलं. देवजीकाकांनी मुकादमाला अजून हो पण म्हटलं नव्हतं आणि नाही पण. सगळं या नोकरीवर अडलेलं. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

आता ऐका मी काय केलं. माझ्याच वर्गातला, माझ्याच बिल्डिंगमधला सुशांत, त्याचा चौथा सेम सहा पॉइंट नऊ पाच. कंपनीच्या फॉर्ममध्ये एकच दशांश मागितला होता, आणि मागच्या वर्षीचे सीनिअर पण असंच करायचे, म्हणून मी त्याचे सात पॉइंट शून्य केले. बिनधास्त. खाली दिपा. सहा पॉइंट नऊ सहा. सुशांतपेक्षा जास्तच. आणि माझा हात थांबला. तिथे मी दोन्ही दशांश तसेच ठेवले, फिल्टर मारला, नाव गेलं. सेंड.

सोमवारी यादी ग्रुपवर टाकली. दिपा पाच मिनिटांत समोर.

"चारे, माझं नाव नाय?"
"अट आहे गं. सातच्या खाली नको."
"सुशांतचं?"
"त्याचं बसलं. कंपनीकडूनच आलंय तसं, मी काय करू?"

धडधडीत खोटं. तिने यादी पुन्हा वरून खाली वाचली. मग म्हणाली, "बरं. पुढची कंपनी कधी?"
"दिवाळीनंतर."
"दिवाळीनंतर टेम्पो येतो," एवढंच बोलली आणि प्रॅक्टिकलला गेली.

बुधवारी मी लॅबच्या पायऱ्यांवर ड्राइव्हचा चॅप्टर घेऊन बसले होते, म्हणजे क्रेनची मोटर हळू-जोरात कशी चालवतात ते. शुक्रवारी इंटरव्ह्यू आणि माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. दिपा येऊन शेजारी बसली. पुस्तक ओढलं. "आठ पॉइंट सात आणि हे येत नाय तुला?"

कानाखाली बसल्यासारखं झालं.

"फुकट नाय शिकवणार. त्यांनी काय काय विचारलं ते सगळं मला येऊन सांगायचं. एकूण एक प्रश्न. पुढच्या कंपनीला कामाला येईल."

आणि शिकवलं तिने. बाटली वर-खाली करून, कंटेनर खाली येताना मोटरवर काय होतं ते. वीस मिनिटांत. चार वर्षांत मला ते इतकं सोपं वाटलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "मीच गाढव. त्या सेमला एक रविवार कमी गेले असते भट्टीवर तर पॉइंट शून्य चार आले असते."

माझ्याच्याने ऐकवलं नाही. तिच्यासमोरच मोबाईल काढला आणि कंपनीला मेल टाईप केला, वाचून पण बघितला नाही. यादी चुकली आहे, एक नाव माझ्यामुळे राहिलं आहे. सेंड. मग तिला सांगितलं. सगळं. सुशांतचं, दशांशाचं, आणि कंपनीचं नाव घेऊन खोटं बोलले ते पण.

ती उठली. "दोन दिवस मी त्या रविवारला शिव्या घालते," ती म्हणाली. "आयच्या कंबरेला पण घातल्या, मनात. आन तू..." पायऱ्या उतरून गेली.

कंपनीने माझा मेल प्रभाकर सरांना पाठवला, प्लेसमेंट त्यांच्याकडेच, आणि त्यांनी केबिनमध्ये माझी हजेरी घेतली. "कुणी शिकवलं हे तुला? शीट इकडे दे. आजपासून तू कोऑर्डिनेटर नाहीस." मी मुळूमुळू रडले. सरांनी टिश्यू दिला आणि शीट काढून घेतली. कंपनीने कळवलं, दिपा आणि सुशांत, दोघांनाही पाठवा.

इंटरव्ह्यू घ्यायला अरुंधती मॅडम म्हणून होत्या, स्वतः इंजिनिअर. मला ड्राइव्हचंच विचारलं! फाडफाड सांगितलं मी, बाटलीसकट. त्या खूश. मग मार्कशीट बघून म्हणाल्या, "सगळे सेम एकदम सारखे. या चार वर्षांत अशी एखादी गोष्ट सांग जी तुला आली नाही आणि मग तू स्वतः शोधून काढलीस."

मला एकच आठवली. ती दोन दिवसांपूर्वीची होती आणि मी शोधलेली नव्हती.

बाहेर आले. दिपाचा नंबर होता. ती माझ्याशी बोलत नव्हती, तरी मी तिच्या पाठीमागून एकूण एक प्रश्न सांगितले. ठरलं होतं ना. तिने मान पण वळवली नाही, पण ऐकत होती. आत पाऊण तास होती. काय झालं ते नंतर सुशांतकडून कळलं, त्याला तिने सांगितलं होतं. मॅडमनी करवतीबद्दल विचारलं, हिने भट्टी सांगितली, आणि मग भट्टीवरच्या पाण्याच्या पंपाची मोटर सारखी का जळायची ते कागदावर काढून दाखवलं.

संध्याकाळी रिझल्ट. दिपा आणि सुशांत.

हो. सहा पॉइंट नऊ सहा आणि सहा पॉइंट नऊ पाच. आठ पॉइंट सात घरी. पॉइंटर नसता तर मला कुणी आत बोलावलं नसतं हे खरं, पण आत गेल्यावर त्याने मला काडीची मदत केली नाही. आई म्हणाली, "तुझ्याच मेलमुळे गेलं." मी जेवले नाही.

पूर्ण दिवाळी दिपाचा एक मेसेज नाही. मग अचानक, "टेम्पो उद्या येतोय. यायचं तर ये."

गेले. स्कूटी नेऱ्याला ठेवून वर चालत, तेव्हा कळलं ती रोज किती चालते. टेम्पो उभाच होता, लोक सामान चढवत होते. चिंधीबाई ओट्यावर बसल्या होत्या आणि शेजारी बोचकं बांधलेलं. मी बोचक्याकडे बोट केलं.

"सवयीनं बांधला गं," त्या म्हणाल्या. "हाताला कळत नाय अजून."

मुकादमाने हॉर्न दिला. "देवजी, चल, बस!"

देवजीकाका दारातून हलले नाहीत. "औंदा नाय. पोरीचं हाय हितं."

टेम्पो गेला. दिपाने बोचकं सोडलं, त्यातून तवा काढला आणि चुलीवर ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ग्राफ हाय का अजून तुझ्याकडं?"

होता, मोबाईलमध्ये. तिने करवतीच्या शेवटच्या दातापुढे, आठव्या सेमच्या जागी, बोट टेकवलं. वरच्या बाजूला, खूप वर. माझ्या रेघेच्या पण वर.

"यंदा रविवार मोकळे हायत," ती म्हणाली.

मला माहितीये ती आणणार. आत्तापासूनच जळतेय मी. भाकरी मात्र दोन खाल्ल्या.