हरेल तो शिकवेल

तांडेलकाकांसमोर मतदानासाठी कुणी हात वर केला की त्यांचं डोकंच फिरायचं. "हात खाली!" ते गरजायचे. "सगल्यांनी हात वर केले तर वल्हं कोन मारील?" नवख्या माणसाला वाटायचं, गंमत करताहेत. मग त्यांचा चेहरा बघून तो मुकाट्याने हात खाली घ्यायचा.

नवापूरच्या मच्छीमार घरातला हा माणूस. वडील होडीचे तांडेल, म्हणजे होडीवर ज्याचा शब्द शेवटचा तो. हे स्वतः मात्र डिप्लोमा करून बोईसरच्या एका कारखान्यात फोरमन झाले. होडीत बसलं की यांना उलटी व्हायची, आणि हे ते स्वतःच हसत सांगत. तरीही आमच्या रविवारच्या घोळक्याचा कारभार त्यांच्याकडे आला आणि वडिलांचं नाव त्यांना चिकटलं. कडक इस्त्रीचा शर्ट, मानेला भरपूर पावडर, आणि आवाज असा की खालच्या रंगाच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकून वर बघे.

त्या दुकानाच्या वर माझा कॉम्प्युटर क्लास होता, आणि रविवारी आम्ही तिथेच जमायचो. मी मूळची सांगलीची, नवऱ्याच्या नोकरीपायी बोईसरला आलेली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कुणा परदेशी मंडळींनी लिहिलेला चित्रं काढायचा एक प्रोग्राम सीडीवरून आमच्यापर्यंत पोचला. फुकट तर होताच, शिवाय त्याचं पोट उघडं होतं. आतलं सगळं वाचा, हवं ते बदला, पुढे वाटा, कुणाची ना नाही. त्यातले शब्द मराठी करायचे असं आम्ही ठरवलं, ते वाणगावकडच्या एका आश्रमशाळेसाठी. तिथल्या शिक्षिका वरठाबाईंनी आपल्या संस्थेशी भांडभांडून दोन जुनी यंत्रं मिळवली होती. दिवाळीनंतर शाळा उघडली की संस्थेचे पर्यवेक्षक येणार होते. मुलं यंत्रांवर काम करताना दिसली नाहीत, तर ते ती उचलून शहरातल्या शाळेत देणार होते. मुलांनी तोवर नुसती वरची प्लास्टिकची झाकणं पाहिली होती.

आणि आम्ही इकडे शब्दांवरून एकमेकांच्या उरावर बसलो होतो. काढलेलं चित्र यंत्रात राहावं म्हणून जे बटण दाबायचं, त्यावर काय लिहायचं? मी 'जतन करा'वर अडून बसले. दुबे नावाचा एक हुशार पोरगा कारखान्यात प्रोग्राम लिहायचा, तो म्हणे, "मॅडम, सेव्ह ही रहने दो ना. सब समझते हैं." मी म्हटलं, "सब म्हणजे कोण रे? तू आणि तुझा साहेब?" त्याचे तीन दोस्त त्याच्या बाजूला, माझे दोन विद्यार्थी माझ्या बाजूला. असे कितीतरी रविवार गेले. चहावाल्यालाही दोन्ही बाजू पाठ झाल्या.

तांडेलकाका डोळे मिटून ऐकत बसायचे. झोपलेत असं वाटावं, आणि नेमकं कुणी घसरलं की डोळे उघडायचे. त्यांचा एकच कायदा होता. शब्द ठरला की जो त्याच्या विरोधात होता, त्यानेच तो शब्द जाऊन शिकवायचा. "माज्या बापाच्या होडीवर जालं कुटं टाकायचं यावरून भांडन झालं ना, तर ज्याचं ऐकलं नाय त्याच्याच हातात सुकानू देत," ते सांगत. "जिंकलेला मानूस झोपतो, बाय. हरलेला जागा राहतो."

शेवटी वरठाबाईंचाच धीर सुटला. एरवी कोपऱ्यात गप्प बसणारी बाई एका रविवारी उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचं ठरेपर्यंत माझ्या पोरी लग्नाच्या होतील. मशीन गेल्यावर शब्द काय भिंतीवर लावू?" काकांनी डोळे उघडले. "बाई, वर्गात दिवसभर हा शब्द वरडायचा तुमाला हाय. तुमी काय वरडाल?"

"ठेवा," बाई म्हणाल्या. "चित्र झालं, ठेवा."

"ठरलं," काका म्हणाले. "मॅडम हरल्या, दुबे पन हरला. दोगं जा शिकवायला."

मी इतकी चिडले की दुबेला चहासुद्धा विचारला नाही. तेवढ्यात दुसरं भांडण डोकं वर काढत होतं. ते बटण दाबल्यावर यंत्र एक प्रश्न विचारायचं, त्यात 'फाइल' म्हणायचं, 'धारिका' म्हणायचं की आणखी काही? वेळ कुठे होता? दुबेने तो प्रश्नच काढून टाकला. पुढच्या रविवारी बघू, असं सगळेच म्हणाले, काकासुद्धा. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

पर्यवेक्षक येणार त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं एसटीने शाळेत गेलो. खरं सांगते, मी शिकवायला गेलेच नव्हते. 'ठेवा' हा शब्द कसा फसतो ते बघायला गेले होते, म्हणून एकेका पोराच्या बोटाकडे डोळे फाडून बघत होते. शब्द काही फसेना! पोरं धडाधड चित्रं काढत होती, ठेवत होती. मी जाम वैतागले. मग सुनी नावाच्या मुलीने आपला माड पुन्हा बघायला मागितला, तर पडद्यावर दुसऱ्याच पोराची कोंबडी आली. मी म्हटलं, पाहा, फसला की नाही शब्द! पण दुबे पांढराफटक पडला होता. "मॅडम, शब्द नहीं. नाम!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भांडण टाळायला आम्ही जो प्रश्न काढला होता, तो चित्राचं नाव विचारणारा होता. नाव विचारणारं कुणी नाही, म्हणून प्रत्येक नवं चित्र आधीच्या चित्रावर चढत होतं. सकाळपासून अख्ख्या वर्गाने चित्रं काढली होती, आणि एका यंत्रात उरली होती ती कोंबडी, दुसऱ्यात शेवटचं एक चित्र. सुनी हुंदके देऊन रडत होती. वरठाबाई म्हणाल्या, "उद्या साहेबांना काय कोंबडी दाखवायची?"

दुबे कामाला लागला. प्रश्न परत आणायचा तर त्यात शब्द हवाच. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो म्हणाला, "आप बोलो." मी म्हटलं, "मी नाही, तू नाही. सुनी, तुला काय विचारू गं?" ती नाक पुसत म्हणाली, "चित्राचा नाव काय हाय?" तेच लिहिलं. संध्याकाळपर्यंत पोरांनी सगळी चित्रं नव्याने काढली, आणि सुनीने दोन माड काढले.

रात्री आम्ही शाळेतच राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुबे आणि मी एकमेकांना विचारतच वर्ग चालवला. पर्यवेक्षक आले, पाहिलं, आणि निघताना "राहू द्या यंत्रं इथेच" म्हणाले. जीप वळणाआड गेल्यावर वरठाबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. दुबे तोंड फिरवून उगाच वायरी गुंडाळत होता. इतकं हलकं मला माझ्या बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी काकांचा कारखाना वापीला गेला, आणि काकाही. निरोपाच्या चहाला सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मला तर धडकीच भरली होती. हा माणूस गेला की आम्ही एका स्वल्पविरामावरून फुटणार, याची मला खात्री होती. तेव्हा वरठाबाई म्हणाल्या, "काका, आता तरी सांगू का? साहेब आले त्या दिवशी तुम्ही आमच्या फाटकाबाहेर चिंचेखाली उभे होतात. सकाळपासून. मला शिपायाने सांगितलं होतं."

काका चक्क लाजले. "प्रश्न काढायला मी पन हो बोल्लो होतो ना," ते पुटपुटले. "काय घोल झाला तर? घरी बसवेना."

"मग आत का नाही आलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"आत आलो असतो तर तुमी सगली माज्याकडं बघत बसली असती," काका म्हणाले. "फाटकातून ऐकलं, तुमी दोगं एकमेकाला विचारत होता. मग बरं वाटलं. जीप गेली, मी पन गेलो."

मी डोळे पुसले आणि माझी धडकी तिथेच गेली. आम्हाला वाटत होतं, काका आज सोडून चाललेत. ते तर त्या दिवशी चिंचेखालूनच, आमचं आम्हाला जमतंय हे बघून, निर्धास्त निघून गेले होते.