जित्या बाईला हार

त्या दिवशी खोलीत आमी तिघं व्हतो. मी, माझी सून सुनंदा, आन् ओव्हरटाइम करून दुपारी आलेला विलास. भिंतीवरची बाई धरली तर चौघं. मी सांगतीय, नात लिहितीय.

विलास आमचा भाडेकरू. परभणीकडचा, चाकणच्या कंपनीत मशीनवर. भोसरीत आमच्या भाड्याच्या चार खोल्या, आन् तिथल्या पोरांचे डबे मी करायची. आमची जमीन कारखान्यांत गेली. नवऱ्याची बोटं कंपनीच्या प्रेस मशीनमध्ये गेली, मग त्यो बी गेला. तवापास्नं भाकरी थापतीय.

विलास एका जागी बसायचाच न्हाई. जेवताना गुडघा हालायचा, त्यानं ताट वाजायचं. हातात मोबाईल. समोरच्याचं ध्यान न्हाई बघून फोटू काढायचा. "फोटू काढतो म्हणलं की माणूस निघून जातंय मावशी, नुसतं तोंड उरतंय," म्हणायचा. एकदा शेगडीम्होरं घाम पुसताना माझा काढला. मी म्हणलं, "मुडद्या, पदर तरी घिऊ द्यायचास डोक्यावर!" तर म्हणतो, "पदर घेतलेल्या तुमी रोजच दिसता की वो."

कंपनीनं त्याला तीन महिने जर्मनीला धाडलं, नवं मशीन शिकायला. मला वाटलं बर्फाचे, बंगल्यांचे फोटू आणंल. आणली ती नुसती माणसं. नाक शिंकरणारा म्हातारा, पाव खाता खाता झोपलेली पोरगी, कुत्र्याला रागं भरणारी बाई. वळख ना पाळख.

"ह्यांचं काय करायचं रे?"

"बगायचं," म्हणला.

त्यातल्या एका म्हातारीचा फोटू मोठा करून, फ्रेम करून त्यानं खोलीत लावला. पांढरे केस वाऱ्यानं उडालेले, एक हात वर उचललेला, आता काय तरी बोलंल असं तोंड.

सर्वपित्रीला मी नवऱ्याच्या फोटूला हार घातला. एक हार उरला. विलासची खोली झाडायला गेले तर ही बाई दिसली. आमच्यात माणूस गेल्याबिगर भिंतीवर चढत न्हाई. म्हणलं, परमुलखातली का असंना, हिचं कोण करणार? हार घातला, उदबत्ती लावली. सुनंदानं खिरीची वाटी ठिवली. तेवढ्यात विलास दारात.

"मावशी! काय केलं वो हे! जिती हाय ती, जिती!"

त्यानं हार ओढला. झेंडू खोलीभर झाला. सुनंदा हसली, मी न्हाई. त्याच्या तोंडावर रगत न्हवतं.

मग त्यानं सांगितलं. ती बाई रोज ट्रामच्या थांब्यावर बसायची. निघायच्या दिवशी त्यानं हळूच फोटू काढला. तिनं बगितलं, हात वर केला, तिच्या भाषेत काय तरी बोलली. ट्राम आली, ह्यो चढला.

"काय म्हणली आसंल मावशी? काढू नको म्हणली का? चोरून आणलं का म्या तिला?"

त्याला आधीच ते खात व्हतं, त्यात माझा हार. "आता ती गेली-बिली तर?"

तिथं मशीन शिकवणाऱ्या माणसाला त्यानं फोटू धाडला, थांब्यावर जाऊन बगा म्हणून विनवलं. चार दिवस उत्तर न्हाई. विलास अंगणात येरझाऱ्या घाली, अर्धी भाकरी टाकून उठं. सुनंदा म्हणली, "एवढा एखादीसाठी झुरला असता भावजी, तर लगीन झालं असतं." पण हार माझ्या हातचा. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबे केलेत, कुणाला चव कमी लागली न्हाई. त्या चार दिवसांत दोनदा भाजीत मीठ घालायचं राहिलं.

पाचव्या दिवशी मोबाईल वाजला. बाई मधी आजारी व्हती, आता पुन्हा थांब्यावर यायला लागली. त्या माणसानं तिला फोटू दाखवला, विचारलं. तर त्या दिवशी ती म्हणली व्हती, थांब जरा, केस नीट करते.

विलास पायरीवर बसला. गुडघा हालत न्हवता.

"मावशी, तिकडं बी बाया अशाच की वो."

"मग थांबावं माणसानं!"

तवापास्नं फोटू काढला की आधी दाखवायचा. नको म्हणलं की समोरच पुसायचा. माझा परत काढला, पदर घेऊस्तवर थांबला. त्यो काय चांगला आला न्हाई.

त्यानंतर दोन वर्सं गेली. पहिली शिफ्ट सुटल्यावर, भर उन्हात, चाकणच्या रस्त्याला कंटेनरनं त्याची गाडी उडवली. मोबाईल चाकाखाली गेला. सगळी माणसं त्यातच, तिकडच्या त्या मशीनवाल्याचा नंबर बी त्यातच. गावाकडनं त्याचा भाऊ आला, त्यानं कपडे नेले, बॅग नेली. कंपनीच्या कार्डावर विलासचा टिकलीएवढा फोटू व्हता, गप उभा, सरळ बघणारा. त्यो काय विलास न्हवं. त्यो बी भावानं नेला. परक्या बाईला कुठं नेऊ म्हणून तिला ठेवून गेला.

सर्वपित्रीला मी विलासच्या नावाची वाटी, फोटू न्हाई म्हणून, मोकळ्या भिंतीखाली ठिवते. बाईला माझ्या खोलीत लावलीय. आता ती हाय का न्हाई, तिकडं विचारायला कुणी उरलं न्हाई.

वाचणाऱ्यांनू, कधी आमच्याकडं आलात तर बसा, च्या घ्या. पण त्या बाईला हार घालू नका.