दोर कुणी धरायचा

खेळाच्या तासाला कबड्डी-खोखो सोडून काही शिकवायचं म्हटलं, की आमच्या कळंबकडच्या शाळेत पहिला प्रश्न यायचा, "बाई, पाय मोडला तर?" मी म्हणायची, "कबड्डीत मोडत नाही का?" असं भांडभांडून मी एकदाची नववीच्या मुलींना दोरावरून कडा उतरायला शिकवायची परवानगी मिळवली. कडा कसला, गावामागचा दोन मजली घराएवढा कातळ.

उतरणारीची जोडीदार खाली दोर धरून उभी असते. वरची घसरली, की खालचीने दोर ताणायचा. वरची जागच्या जागी थांबते. जोड्या मी वजनावर लावल्या. दोघीजणी काट्यावर अगदी सारख्या भरल्या, आडनावही एकच. मी खूश! जोडी पुकारली आणि एरवी कोंबड्यांच्या खुराड्यासारखा कलकलणारा वर्ग चिडीचूप.

"बाई, त्यांच्या घरात बोलणं नाय," एकीने कानात सांगितलं. दोघी सख्ख्या चुलत बहिणी. रिसॉर्टचा रस्ता आला, जमिनीला भाव चढला आणि बांधावरून दोघींचे बाप असे भांडले, की एकमेकांच्या दारावरून जाणंही बंद. मी गावाबाहेरची, शेलू स्टेशनाकडच्या नव्या इमारतीत राहणारी, मला काय ठाऊक! पण माझाही स्वभाव असा, की एकदा लावलेली जोडी मोडायची नाही. "भांडण बापांचं, वजन तुमचं. चला!" म्हटलं.

पंचाईत अशी, की दोरावर मुकं राहून चालत नाही. वरचीने "तयार?" विचारायचं, खालचीने "तयार" म्हणायचं, तोवर पाऊल उचलायचं नाही. मैदानातल्या आंब्याला दोर बांधून सराव घेतला, तर पहिल्या दिवशी दोघी त्या एका शब्दावर अडून बसल्या. मीही हटले नाही. मधली सुट्टी जवळ आली, पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा कुठे एकीच्या तोंडून "तयार" फुटलं. हळूहळू त्याचं "तयार गं" झालं. त्या "गं"चा मला कोण आनंद!

कड्याच्या दिवशी थोरल्या भावाची मुलगी वर गेली, धाकट्याची खाली माझ्या शेजारी. वर मी मुद्दाम बोलावलेला प्रशिक्षक सुरक्षेचा दुसरा दोर धरून होता. मुलगी पाठमोरी होऊन कडेवर उभी राहिली आणि नेमका तिचा बाप मोटारसायकल टाकून धावत आला. कुणीतरी चहाडी केली होती.

"बाई, माज्या पोरीचा जीव त्यांच्या पोरीच्या हातात? डोकं फिरलंय का तुमचं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वर पाय निसटला. पोर किंचाळली, कातळाला घासत एका बाजूला झुलली. खालचीने दोर कमरेशी ओढला आणि सरळ मागे बसकण मारली. वरची थांबली. बाप पुतणीकडे झेपावला. "धर गं! सोडू नको!"

"काका, मागं व्हा," ती वर बघतच म्हणाली. "मी धरलंय. मदी बोलू नका."

तो मागे सरला. मीही दोन पावलं मागे झाले, आणि ही गोष्ट वर्गाने पुढे कित्येक दिवस चघळली. वरून एक हुंदका आला, मग बारीक आवाजात "तयार?" खालून "तयार गं, ये." पोर उतरली. गुडघा खरचटलेला, बाकी ठणठणीत.

आता अदलाबदल करायची होती. मला वाटलं, बाप मुलीला ओढत घरी नेणार, आणि माझा हा तासही आजच संपणार. पुतणी कातळाच्या बाजूने वर चढून गेली. लेकीने डोळे पुसून हातमोजे चढवले, दोर उचलला. तसा तो तिच्याजवळ गेला. मी भांडायच्या तयारीने पुढे झाले.

"दोनी हातानं धर गं," तो लेकीला म्हणाला. "माज्या भावाची पोर हाय."